न दुखलेली जखम

प्रिय पप्पा,

डॉक्टरबाईंनी चिमट्याने तुमच्या तळव्यातून काचेचा तुकडा उपसून काढला आणि नेमकं तेव्हाच तुम्ही मला विचारत होतात, "जेवलास का रे?" कपाळावर साधी आठी नाही! माझं सगळं तिथेच बदललं.

आज लिहितोय, कारण उद्या घटस्थापना. आई म्हणते, "त्यांचं अनवाणी चालणं अर्धं राहिलं, ते मी पुरं करणार." तिलाही शुगर आहे, पप्पा. सकाळपासून भांडतोय. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, अख्ख्या मजल्याला कळलंय.

तो नवस तुम्ही माझ्यासाठी बोलला होतात. माझ्या श्रुतीचं लग्न दुसरीकडे ठरलं आणि मी सेकंड इयरला कॉलेजच सोडलं. 'पोरगं परत कॉलेजात जाऊ दे, नवरात्रभर अनवाणी येईन,' असं देवीला सांगून आलात. आणि मी? "तुमच्या चालण्याने मी पास होणार आहे का? माझ्यासाठी नाटकं नकोत!"

तुम्ही हसलात आणि निघालात. मुलुंडचे रस्ते ते! एकदा घरी येऊन म्हणालात, "देवीची कृपा बघ गं, खडे नाही, ऊन नाही, काही लागत नाही." आईने वाकून नमस्कार केला. मी फोनमध्ये श्रुतीचे फोटो बघत होतो.

कृपा कसली, पप्पा! पायाच्या नसा गेल्या होत्या. डॉक्टरबाईंनी मला नंतर समजावलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात. सगळ्यात लांब नसा आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. दुखल्याचा निरोपच वर पोचत नाही. माणूस जखमेवर भार देऊन चालत राहतो आणि ती चिघळते.

"पण त्यांचे पाय जळायचे," मी वाद घातला. "बधिर पाय जळतील कसे?"

"बिघडलेली नस खोटंही बोलते रे. बाहेरचा काटा तिला कळत नाही आणि आत काही नसताना आग, मुंग्या."

म्हणजे तुम्ही गार फरशीवर पाय टेकून बसायचात, ते त्यासाठी! आणि बाजारात तुमची चप्पल मागे राहिली, तुम्ही तसेच पुढे, तेव्हा मी खो खो हसलो. मूर्ख! पण तुम्ही पण कसे हो? एकदा तरी बोलायचं!

नमस्काराला आपण पाय वरून शिवतो. तळवा उलटा करून कोण बघतं? वास आला तेव्हा बघितला. तोवर विष रक्तात गेलं होतं.

मघाशी आईला म्हटलं, "दाखव पाय."

"शी! आई मुलाला पाय दाखवते का?"

"दाखव, नाहीतर उद्या दारात आडवा पडतो."

"बापावर गेलायस अगदी," म्हणत तिने पाय पुढे केला. मी मांडीवर घेतला, तळव्यावरून बोट फिरवलं.

"सोड रे मेल्या, गुदगुल्या होतायत!"

पप्पा, मी रडलो. गुदगुल्या होतायत तिला! मग मात्र ती तपासणीला तयार झाली.

कॉलेजचं आज कबूल करत नाही, खोटं कशाला बोलू? पण आईचे तळवे रोज बघीन, तिने लाथ मारली तरी. हा शब्द.

डॉक्टरबाईंकडे निघायला ती जिन्यात थांबलीय. पत्र तुमच्या फोटोपाशी ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुमचा,
निखिल