चौथ्या बंदुकीची सोय

बिक्सबी कॉर्नर्स, ओहायो
जूनचा पहिला रविवार, प्रार्थनेनंतर

आदरणीय वेंडेल दाजींस,

धाकट्या मेव्हण्याचा सप्रेम नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही सगळे खुशाल आहोत, लाल गाय सोडून, आणि तिचाही खोकला आता उतरणीला लागला आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? कोराताईने यंदा स्ट्रॉबेरीचा मुरंबा केला का? (केला असेल तर तो आमच्याकडे अजून पोचलेला नाही, एवढेच सुचवतो.)

माझा जुन्या बंदुकांचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. यादवी युद्ध संपले तेव्हा सरकारकडे तोंडातून दारू ठासायच्या बंदुकांचे ढीग पडून होते. दुसऱ्या कोणी त्या भंगारात घातल्या असत्या. आपल्या कारागिरांनी काय केले, तर नळीच्या मागच्या टोकाला वरून खाच कापली, तिच्यावर बिजागरीचे झाकण बसवले, आणि तीच बंदूक मागून काडतूस घेऊ लागली. दाजी, मी सुतार माणूस, बिजागरी काय चीज आहे ते जाणतो. ते झाकण उघडले की मला आपली आई आठवते. बाबांच्या विटलेल्या कोटातून ती माझी पँट काढायची, आणि जोड कुठे आहे ते शोधून सापडायचे नाही. जुने न टाकता त्याला नवे काम द्यायचे, यात काहीतरी प्रार्थनेसारखे आहे असे मला वाटते. (हे मी पाद्रीसाहेबांना सांगून पाहिले. ते म्हणाले, "अमोस, प्रार्थनेला बिजागरी लागत नाही.")

अशा तीन बंदुका माझ्या भिंतीवर आहेत. लव्हिनियाने लग्नाची बायको म्हणून तीनच खुंट्या मंजूर केल्या आणि बजावले, "चौथी घरात आली, तर तुम्ही कोंबड्यांत झोपायचं." ती बोलते तसे करते. कोंबड्यासुद्धा तिला वचकून असतात. पण दाजी, माझ्याकडे सगळ्यात पहिला नमुना नव्हता. तो, ज्याच्या झाकणापाशी रिकामे काडतूस बाहेर ओढणारी दात्यांची नाजूक कळ असते. तशी एक आमच्या गावातल्या ड्रुसिला पॉफेनबर्गरबाईंच्या घरी शेकोटीच्या वर भिंतीला टांगलेली होती, त्यांच्या आजोबांची. खिडक्या दुरुस्त करण्याच्या निमित्ताने मी तिला वर्षानुवर्षे पाहून येत होतो. (त्या घरात आता दुरुस्त करण्याजोगी खिडकी उरलेली नाही.) बाई विकायला तयार नव्हत्या. या वसंतात मात्र म्हणाल्या, "पैसे नकोत मला. सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी आजोबांच्या कबरीवर हिची सलामी दे. आजोबांना शोभेल अशी दिलीस, तर तुझी."

त्या रात्री मी देवाजवळ जरा जास्तच बोललो.

आता आमच्या सलामीच्या तुकडीत त्या युद्धातल्या सैनिकांसारखे निळे कोट घातलेले आम्ही मोजके गावकरी, आणि कप्तान म्हणजे हार्लन न्हावी. बाकीच्यांच्या बंदुका तोंडातून ठासायच्या. तीच कवायत आम्ही इतकी वर्षे घोटली आहे, हार्लनच्या दुकानात, केस कापून घेताघेता. माझ्या खिशात मात्र या बंदुकीसाठी खास बनवून घेतलेले बिनगोळीचे काडतूस होते. हार्लनने "भरा!" म्हणून आरोळी ठोकली. मी झाकण उघडले. इथवर सगळे यथासांग झाले. एवढ्यात ढोल वाजला, शेजारच्या लेमने सवयीने दारूची कागदी पुडी पुढे केली, आणि माझ्या हातांनी मला न विचारता ती घेतली, दातांनी फोडली आणि नळीच्या तोंडात ओतली. सगळी दारू मागच्या उघड्या झाकणातून माझ्या रविवारच्या बुटावर! वर मी दारू ठासायचा गज नळीत घालून ठासलेही. गजाचे टोक झाकणाच्या खिडकीतून उंदरासारखे डोकावले. बाकीच्यांचा धडाका झाला, माझी नुसती "टक्".

"अमोसने बूट भरला रे!" लेम ओरडला.

"मग पाय वर कर आणि नेम धर!" हे आमचे कप्तान.

मी टोपी काढून बाईंसमोर गेलो. बंदूक परत करायला हात पुढे केले, पण ते पुरेसे पुढे जात नव्हते. बाई काठीवर वाकून हसत होत्या आणि हातमोज्याने डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "अरे, आजोबांना ही पलटणीत मिळाली तेव्हा तेही असंच करायचे! तोंडातून ओतायची सवय हातातून जाईना. सार्जंटने त्यांचं नाव 'बूटभऱ्या' ठेवलं होतं, आजी त्यांना शेवटपर्यंत तेच म्हणायची. इतक्या वर्षांत ही एक सलामी त्यांना ओळखीची वाटली असेल. घेऊन जा."

मी कबरीपाशी थोडा वेळ थांबलो. देवाचे आभार मानले, आणि हळूच आजोबांचेही.

ताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अमोस ट्रिम्बल

ता. क. तुमच्या पत्त्यावर एक लांब पेटी येईल. तिच्यावर 'पडद्यांच्या दांड्या' असे लिहिले आहे. लव्हिनियाचे मन वळेपर्यंत ती माळ्यावर ठेवावी, ही कळकळीची विनंती.

आणखी एक. ताईला पेटी उघडू देऊ नका. बाबांच्या घड्याळाला तिने इतके घासले की आकडे गेले. बंदुकीवरचा तपकिरी रंग हा मळ नाही, तिचे वय आहे.

शेवटचे. लव्हिनिया गावात निघालीच आहे, म्हणून पत्र तिच्याच हाती टपालात टाकायला देतो. पाकिटाचा डिंक जरा कमी वाटतो.

भाऊजी, डिंक खरंच कमी होता. पॉफेनबर्गरबाईंनी यांना अट घालायच्या आधी मला विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. पण हे इतक्या आनंदाने लपवाछपवी करताहेत की मला मोडवत नाही. पेटी थोडे दिवस ठेवून घ्या, मग मुरंब्याबरोबर परत पाठवा. चौथी खुंटी मी केव्हाच ठोकली आहे. तिच्यावर कॅलेंडर टांगलंय, आणि हे रोज त्यात तारीख बघतात. — लव्हिनिया