लीलाच्या आवाजावर टाकलेलं गाणं

मी, पांडुरंग दत्तात्रय गरुड, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा, राहणार रामबाग, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही भरीस न पडता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. राग आहे, पण रागावलेल्या माणसाचं मृत्युपत्र त्यामुळे रद्द होत नाही. शेजारचे अच्युतराव कोर्टात बाबू होते, त्यांना विचारून घेतलं आहे.

१. रामबागेतल्या माझ्या दोन खोल्या, भांडीकुंडी आणि बँकेत जे निघेल ते माझी एकुलती एक मुलगी शशिकला हिला. भिंत पाडून हॉल करावा असं जावयांच्या मनात आहे. खुशाल पाडा. स्वयंपाकघराला मात्र हात लावू नये.

२. धाकटा भाऊ शाम यास काही नाही. उद्या त्याने भांडत येऊ नये म्हणून कारण लिहून ठेवतो.

शामला कॅमेरा धरायला मी शिकवलं. आमचं सगळं काम बीटा जातीच्या कॅसेटवर. कॅसेट लहान, पण चित्र असं की शालूची जर मोजून घ्यावी. मग व्हीएचएसची मोठी कॅसेट आली. गिऱ्हाईक म्हणू लागलं, भिया, पूरी शादी एकच कॅसेटमध्ये पाहिजे. शाम तिकडे गेला. त्याचा राग नाही, पोट सगळ्यांनाच आहे.

राग पुढचा आहे. चौऱ्याऐंशी साली नवा कॅमेरा आला, तो पहिल्यांदा मी घरातच चालवून पाहिला. माझी पत्नी लीला स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. बारा मिनिटं ती माझ्याशी बोलत होती आणि मी गाढव नुसता फोकस बघत होतो. दोन वर्षांनी ती गेली. तिचा आवाज त्या एका कॅसेटवर होता, बाकी कुठेच नाही. पुढे माझी बीटा मशीन बंद पडली, कॅसेट वाचणारं तिचं हेड इंदुरात मिळेना. तेव्हा शाम म्हणाला, वहिनींची कॅसेट द्या, व्हीएचएसवर उतरवून आणतो. सख्ख्या भावाला दिली.

आठ दिवसांनी त्याने ती आणून दिली. लावली. लीला दिसते, मेथी दिसते, तिचे ओठ हलतात, आणि वर फिल्मी गाणं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मूळ कॅसेट मागितली, तर बीटाचा सगळा ढीग त्याने कबाडीला देऊन टाकला होता, त्यातच तीही गेली. तीन दिवस कबाडखाने पालथे घातले, पार महूपर्यंत जाऊन आलो. मिळाली नाही. इथे मी शामला उद्देशून एक शब्द लिहिला होता, तो अच्युतरावांनी खोडायला लावला.

ती काय बोलत होती, मला आठवत नाही. मेथीच्या भावाचंच काहीतरी असेल.

असं का केलंस विचारलं, तर म्हणाला, "दादा, मागे नुसती खरखर होती, म्हणून गाणं टाकलं. आपण सगळ्यांच्या कॅसेटला तेच करतो ना? तुम्हीच तर शिकवलंत."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. लोकांना वाटतं रागाने. अर्धं कारण हे की तो खरं बोलला होता.

३. कपाटात सदतीस मूळ बीटा कॅसेटी आहेत, गाणी टाकण्याआधीच्या. ज्याची त्याला पोचवावी. पहिली बेटम्याच्या कमलची. तिच्या पाठवणीत वडील, जयसिंगराव, तिचा हात धरून बराच वेळ बोलले. मी त्यावर गाणं टाकलं. त्याच दिवाळीला ते वारले. कमल दोनदा माझ्याकडे आली, काका, बाबांचा आवाज कुठे नाही का हो म्हणून. मी सांगितलं, माइक बंद पडला होता. धादांत खोटं. पुन्हा उतरवायचा कंटाळा, दुसरं काही नाही. आता आवाज जाणं म्हणजे काय ते स्वतःला कळल्यावर मी दोनदा बेटम्याच्या बसमध्ये बसलो आणि सुटायच्या आत उतरलो.

४. महूच्या एका रिटायर सुभेदाराकडून चालू बीटा मशीन मिळवली आहे. कलम दोनला अपवाद म्हणून ती शामला. माझ्यामागे ती त्याच्याशिवाय कोणाला धड लावता येणार नाही. अट एकच. शशिकलेने त्याला घेऊन बेटम्याला जावं, त्याने मशीन लावावी आणि जयसिंगरावांचं बोलणं संपेपर्यंत जागचं उठू नये.

शशी, कॅसेट लावण्याआधी कमलला माझं खोटं सांग. नंतर ती जे बोलेल, ते तू आणि शामने ऐकून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.

पांडुरंग दत्तात्रय गरुड

आमच्या समक्ष सही झाली, आम्हीही त्यांच्या समक्ष केली:
१. अच्युत रामचंद्र मुळे, रामबाग
२. शरद वामन फणसे, राऊ

इंदूर, दिनांक १४ नोव्हेंबर १९९१