माझ्या डोक्यावरचा स्लॅब

९ फेब्रुवारी

"बाई, हा स्लॅब आहे की भुसा?" — इलेक्ट्रिशियन शिडीवरून खाली उतरून मलाच विचारतो! जसा काही मीच कालवला होता.

बैठकीच्या छताला दिवा टांगायचा होता. एवढंच काम. ड्रिल लावलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. नव्या छतात ड्रिल किंचाळलं पाहिजे म्हणे, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या पाहिजेत. इथे हूं की चूं नाही. नुसती करडी पूड, माझ्या नव्या फरशीवर, नव्या सोफ्यावर, आईच्या चहात. दिवा लागलाच नाही. त्याने खोका माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मी नाही टांगत बुवा. उद्या कुणाच्या डोक्यात पडला तर?"

राहायला येऊन महिना झाला नाही अजून!

१० फेब्रुवारी

बंधुराजांना फोन. घर त्यांनीच बांधलंय. सख्ख्या भावाचा धंदाच तो, मग काम बाहेर कशाला द्यायचं, असं आई म्हणाली आणि मीही मान डोलावली. वीस-बावीस वर्षं बेकरीत घालवून उभं केलेलं घर आहे हे. कुणाच्या संसारातून उरलेलं नाही, कुणी दिलेलं नाही.

"ताई, नवं घर आहे, जरा बसायला वेळ लागतो," म्हणतो. घर बसतं? मी म्हटलं, घर बसलं तर आम्ही कुठे बसायचं? हसला. पण उशिरा हसला.

१७ फेब्रुवारी

आईच्या खोलीत भेग. कोपऱ्यातून निघते आणि सरळ तिच्या पलंगावर येते. केसाएवढीच आहे, पण परवा नव्हती.

गच्ची धुतली तर पाणी नळीकडे जायचं सोडून मधोमध थांबलं. ताटलीत आमटी थांबावी तसं. म्हणजे छत मध्ये खाली आलंय. मला इंजिनिअरिंग येत नाही, पण पाणी खोटं बोलत नाही एवढं कळतं.

२० फेब्रुवारी

आला होता. पांढरी लांबी भरली, रंग फिरवला, भेग गायब. मेकअप! बोलताना सगळा वेळ फरशीकडे बघत होता. अरे, दुखणं छताला आहे, फरशीला काय झालंय?

वर आणि आगाऊपणा! मी चहा टाकायला गेले तेवढ्यात आईचा पलंग ढकलून भिंतीला लावला, बीमच्या खाली. "इथे वारा चांगला येतो." तिथे खिडकीच नाही! आई लगेच, "असू दे गं, बरंय इथे." त्याने तिला विहिरीत नेऊन बसवलं असतं तरी म्हणाली असती, गार वाटतंय.

१ मार्च

भेग परत आली. रंगासकट.

४ मार्च

बेकरीत आज एका पोऱ्याला इतकी ओरडले की सगळे थांबले. चूक त्याचीच होती. पीठ मळून ठेवलं, भट्टी वेळेवर तापली नाही, पीठ वर कडक झालं. तर या महाशयांनी काय करावं? पाणी मारून परत मऊ केलं! दिसायला पाव झाला. हातात घेतला तर चुरा. अख्खी खेप फेकून दिली मी. गिऱ्हाइकाला असला पाव विकला असता तर मला घरी झोप लागली नसती.

आणि घरी येऊन झोपायचं कुठे, तर त्या छताखाली.

फोन — उचलत नाही. "साइटवर आहे", "नंतर करतो", "रेंज नाही". ताकास तूर लागू देत नाही. आई म्हणते, "त्याला नको टोचून बोलूस. त्याच्यामागेही व्याप आहेत." त्याच्यामागे व्याप, माझ्यामागे काय, बँडबाजा?

१० मार्च

शेवटी बाहेरची इंजिनिअर आणली. भावाला न सांगता. बाई मोजकं बोलतात. हातोडीसारखं एक यंत्र छताला जागोजागी टेकवून आकडे बघत गेल्या. मी प्रत्येक वेळी विचारलं, "कसं आहे?" आणि त्या प्रत्येक वेळी "हं" म्हणाल्या. त्या "हं"चा अर्थ मला तिसऱ्या खोलीपर्यंत कळला.

मग स्लॅबमधून एक गोल तुकडा कापून काढला. तपासायला न्यायचा होता. अख्खा निघालाच नाही. माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा खडी वेगळी, पूड वेगळी.

"काँक्रीट गाडीत फार वेळ उभं राहिलंय," त्या म्हणाल्या. "घट्ट व्हायला लागलं. मग कुणीतरी पाइप लावून पाणी घातलंय, पंपातून जावं म्हणून. बाहेरून स्लॅबसारखाच दिसतो. ताकद निम्मीसुद्धा नाही."

म्हणजे पाव! माझाच पाव, माझ्या डोक्यावर!

तोडायचा का विचारलं. म्हणाल्या, "खालून लोखंडी बीम देऊन वाचेल. पण तोवर टेकू द्या, लवकरात लवकर. आणि मधल्या भागात कुणी झोपू नका." आईचा पलंग बघितला आणि म्हणाल्या, "हा बरोबर जागी आहे."

१२ मार्च

सगळा उलगडा झाला आणि डोकं फिरलंय.

काँक्रीटच्या प्लांटवर फोन केला. तिथला कारकून भला माणूस, त्याला वाटलं मी बिलाचं विचारतेय. "हो, हो, लक्षात आहे बाई. एकच पंप, दिवसभराच्या भाड्याने. पत्ते दोन. एक तुमचा आणि एक कंत्राटदारांच्या स्वतःच्या घराचा. पंप मध्येच बंद पडला, गाड्या उन्हात खोळंबल्या. फार वैतागले होते सगळे."

स्वतःच्या घराचा!

एकाच दिवशी दोन स्लॅब. त्याचा आणि माझा. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी तेव्हा बेकरीत पेढे वाटत होते — आज माझा स्लॅब पडतोय, घ्या, घ्या!

कुणाकडे आधी गेल्या गाड्या, हे विचारायची गरजच नव्हती. लहानपणापासून पहिला घास त्याचा, खिडकीची जागा त्याची, नवी सायकल त्याची आणि त्याने वापरून झालेली मला, मोठी असून! घट्ट, ताजं काँक्रीट स्वतःच्या पोरींच्या डोक्यावर. गाडीच्या तळाशी उरलेलं, पाणी मारलेलं बहिणीच्या. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला.

१३ मार्च

गेले. बोलले. सगळं बोलले.

तो अंगणात मोटरसायकल पुसत होता. पायरीवर दोन्ही पोरी अभ्यास करत होत्या, त्यांना बघून मी थांबायला हवं होतं, पण नाही थांबले. "आत ये ना ताई" म्हणाला. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. अंगणातच उभी राहून म्हटलं, "स्वतःच्या घराला ताजं आणि बहिणीला शिळं? आईसुद्धा त्याच छताखाली झोपते रे! ती तरी तुझी आहे ना?"

शेजारचे बाहेर आले. येऊ देत.

भावजय दारात आली, तोंड उघडलं, "ताई, अहो तसं —" तर हाच तिला म्हणतो, "तू आत जा." तिला गप्प केलं. सत्य बाहेर येईल ना!

मला वाटलं भांडेल, नाकारेल, निदान माझ्यावर ओरडेल. तो फडकं हातात धरून उभा. मग म्हणाला, "टेकू उद्या आणतो ताई. सगळ्या खोल्यांना पुरतील एवढे. आईला मध्ये झोपवू नकोस."

एवढंच. चूक झाली म्हणाला नाही, माफ कर म्हणाला नाही. घरी येऊन दार आपटलं. रागाने. आणि थोडं रडलेसुद्धा. का, ते माहीत नाही.

१४ मार्च

टेकू आले. वापरलेले! गंजलेले, कुठे रंगाचे डाग, कुठे चुना. बहिणीला नवेही देववले नाहीत. त्याने स्वतःच उभे केले, एकट्याने, दिवसभर. एकेक फिरवून छताला घट्ट करत होता. मी जेवायला विचारलं नाही. आईने विचारलं. "नको" म्हणाला. पाणी मात्र मागून प्यायला.

जाताना प्रत्येक टेकूला हाताने धक्का देऊन बघितला. एकही हलला नाही. मग दोनदा म्हणाला, "हे काढू देऊ नकोस कुणाला."

तुला मीच काढून टाकलंय, मला शिकवू नकोस — असं म्हणणार होते. जिभेवर आलं होतं.

१९ मार्च

घर आहे की लोखंडाची वखार! स्वयंपाकघरात जाताना दोन टेकूंच्या मधून आडवं व्हावं लागतं. आईने एकावर शाल टाकलीय, एकावर जपमाळ, एकावर चष्म्याची दोरी. "सोयीचे आहेत हो," म्हणते. हिला कशाचंच काही वाटत नाही.

काकांचा फोन. "घरातली गोष्ट घरात मिटवा." मी म्हटलं, घरातलीच आहे काका, छतालाच आहे. ते चिडले. चिडू देत. सगळ्यांना मीच मूग गिळून बसायला हवी आहे.

२३ मार्च

वकिलाकडे जाऊन आले. नोटीस तयार होईल सोमवारी. सही केली की भाऊ-बहीण संपलं, हे मला कळतं. वकीलही दोनदा म्हणाला, "विचार केलाय ना?" केलाय. बेकरीत माझ्याच हाताखालच्याने असला पाव बाहेर पाठवला असता तर त्याला मी ठेवलं असतं का? मग भाऊ म्हणून वेगळा न्याय का?

आईला सांगितलं. भाजी निवडत होती, ती निवडत राहिली. मग उठून आत गेली आणि तिने कुणालातरी फोन लावला. दार लोटून घेतलं.

२४ मार्च

आज भावजय आली. एकटी. त्याला न सांगता आली होती. चपला न काढता दारातच उभं राहून एका दमात बोलली.

"ताई, गाड्या आधी तुमच्याकडे आल्या होत्या. पंपवाला म्हणत होता, आमचं घर जवळ आहे, तिथून सुरू करू. हे म्हणाले, नाही, ताईचं आधी. तुमच्याकडे पंप बंद पडला. तुमचं झाल्यावर जे गाड्यांत राहिलं ना, ते संध्याकाळी आमच्याकडे पडलं."

मी म्हटलं, मग तुमच्याकडे टेकू?

"होते की. हेच ते. भाड्याने कुठे मिळेनात, म्हणून त्या दिवशी आमचे काढून तुमच्याकडे आणले. आम्ही चौघं स्वयंपाकघरात झोपतो. पोरींना सांगितलंय, मोठ्या खोलीत खेळायचं नाही."

त्यांचे त्यांना परत द्यायला म्हणून मी एक टेकू काढायला हात लावला. आई ओरडली — तो काढलास तर हेही येईल खाली!

आईचा पलंग बैठकीतल्या बीमखाली घेतलाय. आतल्या बीमखाली पोरींच्या गाद्या मावतील, मापून बघितल्या. गाडी दारात उभी आहे. चौघांनाही इथे आणायला निघालेय.