कामोमे लँड, पंधरा-पंधरा सेकंदांच्या हिशोबाने

१ एप्रिल, सोमवार. सकाळी ५:३०
रिटायरमेंटचा पहिला दिवस. रेल्वेच्या टाइमटेबल विभागात अडतीस वर्षं काढली, त्यामुळे गजर लागत नाही. साठी झाली म्हणून ऑफिसने रिवाजाप्रमाणे लाल बंडी दिली. घालून पाहिली. सिग्नलसारखा दिसतो.
संकल्प: यापुढे सगळा वेळ याएकोला. बायकोला इतकी वर्षं न मिळालेला नवरा एकदम पूर्ण वेळ मिळतोय. तिने विचारलं, दुपारी पण घरीच जेवणार? रोज? केवढी ती काळजी.

२ एप्रिल, मंगळवार
याएको फुलांच्या क्लासला गेली. दर मंगळवारी आणि गुरुवारी असतो. नऊ वर्षं शिकतेय, पण घरात कधी एक फूल आणत नाही. मुळातच विनयशील.
स्टेशनपर्यंत सोडतो म्हटलं. नको म्हणाली. बरं, कोपऱ्यापर्यंत? तेही नको म्हणाली. मग दारातूनच हात केला.
संध्याकाळी आली तेव्हा नाक उन्हाने लाल झालेलं. कोटाला कॅरॅमलचा वास. असा वास येणारं फूल कोणतं, ते बघायला हवं.

५ एप्रिल, शुक्रवार
नागोयाहून चिहारुचा फोन. मुलगी असली तरी बोलते सासूसारखी. म्हणाली, बाबा, रिटायर झालेल्या नवऱ्याला लोक काय म्हणतात ठाऊक आहे का? चपलेला चिकटलेलं ओलं पान. कितीही झटकलं तरी निघत नाही. आईला जरा श्वास घेऊ द्या, नाहीतर एक दिवस बॅग भरून ती माझ्याकडे येईल. मी हसलो. ती म्हणाली, मी थट्टा करत नाहीये, आईने माझ्याकडची खोली विचारून ठेवलीय.
फोन ठेवल्यावर तासभर काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर घाबरलो. इथे सांगायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.
संध्याकाळपर्यंत उपाय सापडला. याएकोला समुद्राकाठच्या कामोमे लँड या मनोरंजन पार्कला न्यायचं. मागे एकदा नेणार होतो. तिकिटंही काढली होती. कामामुळे राहून गेलं. कधी ते आठवत नाही.

८ एप्रिल, सोमवार
लायब्ररीतून कामोमे लँडचं गाइड आणलं. थोडं जुनं आहे, पण तिथला दीपस्तंभ काही उठून चालत जात नाही.
तिथल्या रांगेत जोडपी भांडतात आणि वर्षभरात वेगळी होतात, असं सगळेच म्हणतात. कारण उघड आहे. दोन तास उभं राहायचं आणि बोलायला विषय नाही. माझ्याकडे एकशे चार विषय तयार आहेत.
माहिती क्र. १: मधला दीपस्तंभ एकोणसाठ मीटरचा आहे. साठ केला असता तर वर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागला असता. (मी साठचा झालो आणि लाल बंडी मिळाली. हा विनोद पहिल्याच रांगेत.)
माहिती क्र. ७: कॅप्टन कामोमे, म्हणजे टोपी घातलेला तो भला मोठा समुद्रपक्षी, याच्या कोटाला सात बटणं आहेत.

१२ एप्रिल, शुक्रवार
टाइमटेबल तयार. चार फुटी कागदावर, कडक पेन्सिलीने, गाड्यांचं करतो तसंच. एकोणीस राइड्स, दोन जेवणं, दर पंधरा सेकंदांचा हिशोब. बाथरूमला साडेतीन मिनिटं. तिला चार.
जेवताना जाहीर केलं: मंगळवार, तेवीस तारीख. याएकोच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. म्हणाली, मंगळवार नको. बुधवारी जाऊ. शनिवारी जाऊ. मी आलेख दाखवला, मंगळवारी सगळ्यांत कमी गर्दी असते. म्हणाली, ते मला माहीत आहे.
बायकांना कशा गोष्टी आतून कळतात! एक दिवस क्लास बुडव म्हटलं. मग म्हणाली, बरं. होऊन जाऊ दे एकदाचं.
आनंद तिला शब्दांत मांडता येत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार. सकाळी ८:४७
गेटवर. वेळेवर. लाल बंडी घातली आहे. गेटवरची मुलगी याएकोकडे बघून हसली आणि मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. बंडीमुळे असेल.

सकाळी ११:२०
वादळ एक्सप्रेस या रोलर कोस्टरच्या रांगेत दोन तास दहा मिनिटं. हल्ली फोनवरून आधी नंबर लावायचा असतो म्हणे. पुस्तकात नव्हतं. टाइमटेबल दोन तास उशिराने धावतंय, पण जेवण रद्द केलं तर भरून निघेल.
माहिती क्र. १ ते ४१ सांगून झाल्या. याएको एकदाही मध्ये बोलली नाही. फक्त क्र. ७ ला म्हणाली, आठ. मी म्हटलं, सात, छापलेलं आहे. म्हणाली, बरं, सात.

सकाळी ११:४५
वादळ एक्सप्रेसमध्ये बसलो. वेगाची मला सवय आहे. फक्त सकाळचा भात जरा जड होता. बाकावर आडवा पडून लिहितो आहे.

दुपारी १२:३०
पुढची राइड 'देवमाशाचं पोट'. सापडेना. याएको म्हणाली, ती सहा वर्षांपूर्वी पाडली, तिथे आता नूडल्सचं दुकान आहे. बोर्डावर वाचलं असेल.
मग तिनेच पिशवीतून सतरंजी काढली, रस्त्याकडेच्या तिसऱ्या दिव्याखाली अंथरली आणि म्हणाली, बसा इथे. अडीचला परेड आहे. जागा धरा. तीननंतर वारा समुद्राकडून येतो, बंडीची बटणं लावा. आणि गेली.
ऑफिसात असताना चेरी फुलली की झाडाखालच्या सहलीसाठी जागा धरायला मी सगळ्यांत नव्या पोराला पाठवायचो. सकाळी सहापासून एकटाच चटईवर बसलेला असायचा. आज मी बसलोय. अर्थात, ही जबाबदारीची जागा आहे.

दुपारी १:१५
शेजारच्या सतरंजीवर पंचाहत्तरीची एक बाई. तोकिवाबाई. डोक्यावर कॅप्टनची टोपी. आमच्या सतरंजीकडे बघून पाठमोऱ्या मलाच म्हणाल्या, याए-चान, आज लवकर? मी वळलो. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, अगंबाई, म्हणजे टाइमटेबलवाले ते तुम्हीच!
रेल्वेतलं माझं नाव इथवर पोचलंय, याची कल्पना नव्हती. त्यांना क्र. ४२ ते ६० सांगितल्या. साठाव्याला त्यांनी पाव माझ्या हातात कोंबला. म्हणाल्या, खा आधी.

दुपारी २:४०
परेड. हजारो लोकांतून कॅप्टन कामोमे नेमका याएकोसमोर थांबला, दोन्ही पंखांत तिचे हात धरले आणि कमरेत वाकला. ती इतकी हसली की डोळे मिटले. असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं? आठवत नाही.
निव्वळ योगायोग. बटणं मोजली. आठ.

२४ एप्रिल, बुधवार
कालचा दिवस एकंदरीत यशस्वी. एकोणीसपैकी एक राइड. टाइमटेबल फाटलं होतं. चिकटपट्टी शोधायला स्वयंपाकघरातला खण उघडला.
कामोमे लँडचा वार्षिक पास. याएकोचा फोटो, कालच्यासारखंच हसणारी. खाली लिहिलंय: नववं वर्ष.
नऊ वर्षं, आठवड्यातून दोनदा, म्हणजे नऊशेच्या वर दिवस. फुलं नव्हतीच. आणि मी तिला बटणं शिकवत होतो.
रागवायचं ठरवलं. संध्याकाळी सहाला. सहाला तिने माझ्या आवडीचा बांगडा भाजला, म्हणून पुढे ढकललं.

२६ एप्रिल, शुक्रवार
नवी योजना. रागावण्यापेक्षा मीही पास काढावा. दर मंगळवारी, दर गुरुवारी, दोघं मिळून! नवीन टाइमटेबल दुपारीच आखलं आणि तिच्यासमोर पसरलं.
तिने काड्या खाली ठेवल्या. म्हणाली, म्हणजे पास सापडला तुम्हाला. मग सांगत गेली. मोठ्याने नाही. नऊ वर्षांपूर्वी आपल्या लग्नाच्या वाढदिवसाची कामोमे लँडची दोन तिकिटं होती. मी गेटवर उभी, तुमचा फोन आला, सिग्नल बिघडलाय, तू हो पुढे. झाले पुढे. तिसऱ्या दिव्याखाली जाऊन बसले आणि रडले. तोकिवाबाईंनी स्वतःच्या डब्यातला अर्धा भाताचा गोळा दिला. तुम्ही घरी आल्यावर विचाराल, कसा गेला दिवस, तेव्हा सगळं सांगायचं ठरवलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत. मग ठरवलं, विचारतील त्या दिवशी सांगेन. फुलांचा क्लास म्हटलं, तेव्हा कोणती फुलं एवढं तरी विचाराल असं वाटलं होतं.
नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. लग्नाच्या वाढदिवसाचं पान. 'सिग्नल बिघाड. ४१२ गाड्या रद्द. १९:४० ला वाहतूक सुरळीत. चांगलं काम झालं.' तिच्याबद्दल एक अक्षर नाही.
फार वाईट वाटलं. त्यावर उपाय सुचला नाही.

३० एप्रिल, मंगळवार
ती गेली. मी घरी. नूडल्स स्वतः केल्या. भांडं जळलं.
चिहारुला फोन करून विचारलं, खोलीचं काय झालं? म्हणाली, आईने अजून खोली नको असं म्हटलेलं नाही.

७ मे, मंगळवार
सकाळी निघताना याएकोने अटी सांगितल्या. मंगळवार माझा. गुरुवारी तुम्ही यायचं असेल तर या. टाइमटेबल आणायचं नाही. माहिती सांगायची नाही, एकही नाही. चहाचा थर्मास आणायचा आणि जागा धरायची.
मान्य. कोणती फुलं, असं विचारावंसं वाटलं, पण आता त्याला अर्थ नव्हता.

९ मे, गुरुवार
दहा ते अडीच जागा धरली. शेजारच्या जोडप्याने दीपस्तंभाकडे बोट दाखवून विचारलं, किती उंच असेल हो? मी चहा प्यायलो.
परेड संपल्यावर याएको सतरंजीवर टेकली. मी विचारलं, आज काय काय पाहिलंस? तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी टाइमटेबल तर बघत नाही ना म्हणून. मग सुरू झाली. आजचं सांगितलं, मग मंगळवारचं, मग नऊ वर्षांपूर्वीपासूनचं. गेटपर्यंत बोलली, गाडीत बोलली. मी ऐकत होतो. आमचं स्टेशन गेलं. तीन स्टेशनं पुढे गेल्यावर कळलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.
उतरलो, तर परतीच्या गाडीला बावीस मिनिटं. प्लॅटफॉर्मवर सोसाट्याचा वारा. याएको माझ्या बंडीच्या खिशात हात घालून म्हणाली, भर संध्याकाळी दोन गाड्यांत एवढं अंतर? हे टाइमटेबल कोणत्या शहाण्याने केलंय?
कोणी केलंय ते मला पक्कं ठाऊक आहे. पण माहिती सांगायची नाही, असं ठरलेलं आहे.