हॉलंडच्या कॉलेजाआधी अकोल्याचं हापिस

शेंदूरजनाघाट, सोमवार

तीर्थरूप बेबीताई यांस,
धाकट्या गोवर्धनचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर किती निघाली ते कळवा (रिपोर्टातला आकडा कळवा, ते सांगतात तो नाही). मैनानं लिंबाचं लोणचं घातलं, त्याची बरणी अन् हे पत्र एकाच पिशवीत उद्याच्या गाडीनं पाठवून राहिलो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुमी मले बोलू देत नाही, म्हणून लिहून राहिलो.

तर बातमी अशी, की आपल्या करिश्माचं कॉलेज ठरलं. गणितात एम.एस्सी. झाल्यापासून पोरीनं एकच धोशा लावला होता, परदेशात क्वांटिटेटिव्ह फायनान्स शिकायचं अन् तिकडेच नोकरी करायची. म्हणजे शेअरचे, सोन्याचे, डॉलरचे भाव कसे हलतात अन् त्यात बुडायची जोखीम किती, हे गणितानं काढायचं. ही गोष्ट गावात फुटली तसे चार जण संत्र्याचा पुढच्या महिन्याचा भाव विचारायले घरी येऊन गेले. (एक जण अजून रागावलेला आहे.)

पहिले मी, मैना अन् पोरगी असे तिघं अमरावतीले गेलो. एका हॉटेलच्या हॉलात परदेशी शिक्षणाचा मेळावा होता. दारात गुलाबाचं फूल, आत देशादेशाचे टेबल, लग्नात जेवणाचे काउंटर असतात तसे. आमच्या वाट्याले नितेश नावाचे कोटवाले गृहस्थ आले. त्यांनी समुद्राकाठच्या एका युनिव्हर्सिटीचे फोटो दाखवले. हिरवळ, कारंजं, बदक. करिश्मानं विचारलं, मागच्या वर्षी या कोर्सचे किती जण नोकरीले लागले? त्यांनी आणखी एक बदक दाखवलं. मंग तिनं विचारलं, पहिल्या सहा महिन्यांत गणित कोणतं शिकवते? ते म्हणाले, तिथली हवा फार छान आहे. मी मैनाकडे पाहिलं, तर तिले हवा पसंत पडून गेली होती.

आता ताई, मी तीस वर्षं संत्र्याच्या धंद्यात आहो. पेटीत वरचा थर चांगला लावून खाली बारीक माल भरणारे मी रोज पाहतो. ज्या कॉलेजाकडून या कोटवाल्यांले दलाली जास्त तेच कॉलेज उत्तम, हे मले तिथंच उमगलं. मी पोरीले सांगितलं, पेटी विकणाऱ्याले नको विचारू, ज्यानं संत्रा खाल्ला त्याले विचार.

तिनं ऐकलं (माझं ऐकायची ही पहिलीच वेळ, कॅलेंडरवर लिहून ठेवली). निरनिराळ्या कॉलेजांतल्या अकरा जुन्या विद्यार्थ्यांले तिनं मेल केले, चौघांचं उत्तर आलं. बदकाच्या कॉलेजातल्या एकीनं कळवलं, की तिथं शिकवलं ते तिले आधीच येत होतं, अन् सध्या ती कपड्याच्या दुकानात आहे. एक निघाला आपल्या नांदगाव खंडेश्वरचा सुगत. तो हॉलंडातल्या एका लहान गावात शिकला अन् आता तिथंच पेन्शनच्या कंपनीत आहे. त्यानं अभ्यासक्रम पाठवला, तीन वर्षांत कोण कुठं लागलं त्याची यादी पाठवली, अन् फोनवर मले म्हणाला, काका, पहिल्या परीक्षेत मी नापास झालो होतो, अन् हिवाळ्यात तिथं साडेचारले दिवस बुडते. इतक्या कॉलेजांच्या चौकशीत नापास झाल्याचं सांगणारा हा एकच माणूस भेटला. करिश्माचं तिथंच मन बसलं. अर्ज तिनं स्वतः भरला, परीक्षा दिली, बोलावणं आलं.

मैनानं दोन दिवस घरातले सगळे डबे घासून काढले. तिसऱ्या दिवशी पोरीले म्हणाली, "तू जा. पण काहून चालली ते मले नीट समजावून जा. बायांनी विचारलं तर मले सांगता आलं पाहिजे." करिश्मानं वही उघडली अन् अख्खी दुपार मायले शिकवलं. आता मैना भाजीवालीले जोखीम समजावून सांगते अन् कोथिंबीर फुकट आणते. पोरगी गेल्यावर ती वही कपाटात ठेवीन म्हणते.

तर ताई, कोणी कितीही कोट घालून आला तरी आपल्या घरच्या माणसाले फसवू शकत नाही, एवढं यातून दिसलं. भाऊजींले नमस्कार.

तुमचा
गोवर्धन

ता. क. पत्राचं कारण लिहायचंच राहिलं. मेळाव्यानंतर मी एकदा कामानं अकोल्याले आलो होतो (तुमच्याकडे आलो नाही, पोटात घाला). तुमच्या घरामागच्या परदेशी शिक्षणाच्या हापिसात सहज डोकावलो. तिथल्या बाईंनी मले 'सर' म्हटलं, उसाचा रस पाजला, अन् म्हणाल्या, इतके जागरूक वडील जिल्ह्यात पाहिले नाहीत. करिश्माच्या मार्कशिटांची फाइल सोबतच होती. ती त्यांच्या हवाली करून मी कुठल्याशा बेटावरच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या फॉर्मवर सही करून आलो. आता त्या बाई फाइल परत देत नाहीत, अन् शुक्रवारी पोरीले व्हिसासाठी मार्कशिटा लागतात. तुमी जाऊन आणा. तुमच्या आवाजापुढं कोणी टिकत नाही. करिश्माले यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. २. पिशवी बांधताना करिश्मानं पत्र वाचलं. रागावली नाही, हसली, ते जास्त लागलं. फाइलीत रंगीत झेरॉक्स होत्या, मूळ मार्कशिटा तिच्याचजवळ आहेत. "बाबा, तुमच्या हाती मूळ कागद देण्यात जोखीम किती, ते मी आधीच काढलं होतं," म्हणाली. तरी तुमी त्या हापिसात जाच. फॉर्मवर मी सही केली ती अर्जदाराच्या जागी. बाईंचा आत्ताच फोन येऊन गेला, बुधवारी माझी इंग्रजीतून मुलाखत आहे.