पिवळ्या कार्डाची आजी

आई, आज मी एका म्हातारीवर आवाज चढवला, आणि तेव्हापासून तूच डोळ्यांसमोर आहेस. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मी काय झाले ते तुला ठाऊक नाही. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात मी लॅब सांभाळते. दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेल्या पेशंटच्या शौचाचा नमुना आम्ही दाखल करतानाच तपासतो. हल्ली काही जंतूंवर भारीतली भारी अँटिबायोटिक्सही चालत नाहीत. माणूस ठणठणीत दिसतो, पण जंतू त्याच्या आतड्यात मुक्काम ठोकून असतात आणि न धुतलेल्या हातांवरून शेजारच्या खाटेपर्यंत पोचतात. तिथे नुकतं ऑपरेशन झालेला कुणी असला तर त्याच्या जिवावर बेततं. म्हणून असा जंतू सापडला की पेशंटला वेगळी खोली आणि दाराला पिवळं कार्ड. हा नियम माझाच, आणि त्यात मी कुणाची गय करत नाही.

ही आजी वाकोल्याची, मूळची मालवणकडची. खुब्याचं हाड मोडून दुसऱ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आली. रिपोर्टात जंतू निघाला, कार्ड लागलं. आत जाताना सगळ्यांनी गाऊन-हातमोजे घालायचे, ते हवंच. पण हळूहळू तिचा चहाही दारातूनच स्टुलावर सरकवला जाऊ लागला. सुनेने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मॅडम, घरी तान्हं बाळ आहे हो. सासूबाईंना थोडे दिवस गावी ठेवू का?"

"गावी कोण आहे?"

"कोणी नाही. शेजारी बघतील ना."

मोडलेला खुबा आणि शेजारी! मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. जंतू असणं म्हणजे आजार नव्हे. कार्ड आहे ते इथल्या इतर पेशंटसाठी. घरी ताट-वाटी वेगळी नको; संडासहून आल्यावर आणि बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुतले की पुरे. पुन्हा कुठे दाखल केलंत तर मात्र आधी सांगायचं. सून शहाणी निघाली. म्हणाली, "एवढंच ना? मग तुमचे लोक वाट लागल्यासारखे चेहरे का करतात?"

आज घरी न्यायला ती बाळाला घेऊनच आली. तळमजल्यावर व्हीलचेअरपाशी वाकून तिने त्याला पुढे केलं, तर आजीने दोन्ही हात पदराखाली लपवले. "नको गो, नको! लांब धर तेका. माझे हात बरे नाय."

आई, तू बरी होऊन घाटकोपरच्या घरी येतेस तो दिवस. टीबी गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. मी धावत सुटते, आणि तू तळहात उभा धरून म्हणतेस, "तिथेच थांब." त्यानंतर स्वयंपाकघरात तू भिंतीकडे तोंड करून जेवायचीस. वेणी घालायला मला शेजारच्या काकूंकडे पाठवायचीस. तुला कुणीही तसं सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मी हिला नकोशी झाले. तू घाबरलेली असशील, हे इतकी वर्षं मला सुचलंच नाही.

तर मी ओरडले. "आजी, हात बाहेर काढा! लॅब माझी आहे की तुमची?" सगळी लॉबी वळून बघायला लागली. म्हातारीने दचकून हात पुढे केले. त्यांवर सॅनिटायझर ओतून मी ते माझ्या उघड्या हातांनी, बोटाबोटांमधून चोळले. "हं, घ्या आता." तिने घेतलं. बाळाने पहिलं तिचं नाकच धरलं. "मेल्या, सोड रे," म्हणाली आणि रडायला लागली. सून मला म्हणाली, "केवढ्याने ओरडता हो मॅडम!"

हे कागद पाठवायला तुझा पत्ता नाही, ते बरंच आहे, कारण पुढचं तोंडावर सांगायला मला जमलं नसतं. दुपारी तुला गाढ झोप लागली की मी हळूच येऊन तुझ्या पाठीला पाठ लावून पडायचे, आणि तू कूस बदलायच्या आत उठून माझ्या चटईवर जायचे.