दक्षिण दाराचा फ्लॅट

प्रिय मदीहा,

तुझा राजीनामा आज सकाळी माझ्या टेबलावर आला, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. फोन केला तर "बस झालं गिरजे, आता न्हाई होत" म्हणून तू ठेवून देशील. समोर बसवलं तर रडशील, आणि मुख्याध्यापिकेच्या खोलीत कोणी रडलेलं मला चालत नाही, हे तुला माहीत आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

अर्ज नेहमीसारखा नेटका आहे. "कौटुंबिक कारणास्तव" असं लिहिलं आहेस. कारण कौटुंबिक नाही, कारण मंठ्याची बस आहे. वाटूर फाट्याला ती भरते, तू उठून एखाद्या लेकुरवाळीला जागा देतेस आणि जालन्यापर्यंत दांडी धरून उभी राहतेस. मग पहिल्या तासाला भिंतीला टेकून गणित शिकवतेस. मुलींना वाटतं, बाई विचारात आहेत. मला दिसतं, बाईंची कंबर गेली आहे. दिवाळीनंतर तुला वर्गात खुर्चीवर बसायला सांगितलं, तर "बसून भूमिती शिकवता येते का गं?" म्हणून तू माझ्यावरच उखडलीस. बरोबर होतं तुझं.

आता माझी बातमी. शाळेत सगळ्यांना कळली आहे, पण नीट कोणालाच नाही. गांधी चमनच्या मागे नवी उंच इमारत झाली, तिच्यात अकराव्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला. घरातून निघाले की प्रार्थनेची घंटा होईतो फाटकात असते, तेही चालत. स्टाफरूममध्ये काय चाललं आहे ते माझ्या कानावर आलं. "मॅडमनी टॉवर घेतला, आता वरून हजेरी घेतील." घेते आहेच. शेंडे सर टपरीवर किती वेळ उभे असतात ते मला गॅलरीतून दिसतं.

फ्लॅट मिळाला कसा, ते ऐकण्यासारखं आहे. बिल्डरच्या पोराने आधी मला चार-पाच फ्लॅट दाखवले, सगळे पूर्वेचे, सगळ्यांचे भाव डोक्यावरून जाणारे. शेवटी टोकाला एक दार बंद दिसलं. ते उघड म्हटलं, तर तो अंग चोरायला लागला. "मॅडम, तो दाखवत नसतो आम्ही. दक्षिणमुखी आहे." इमारत भरत आली, तरी प्रत्येक मजल्यावरचा टोकाचा तो एकच फ्लॅट रिकामा. आत गेले तर सगळ्यात जास्त हवा तिथेच, दोन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघराला स्वतंत्र खिडकी. मी म्हटलं, "बाळा, माझ्या आजोबांनी छपन्न साली धम्म घेतला तेव्हाच दिशांचं भय सोडून दिलं. लिही माझं नाव." त्याला आधी कळेना. मग कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला, की जणू मीच त्याच्यावर उपकार केले. आता ऐकते, खालच्या मजल्यावरचा दक्षिणेचा एका डॉक्टर सिद्दिकींनी घेतला, त्याच्या खालचा बँकेतल्या एका बाईंनी, त्याही माझ्यासारख्याच बौद्ध. बाकीच्यांच्या भीतीतून आमची एक सरळ उभी गल्लीच तयार झाली आहे.

एक फजिती तुलाच सांगते, बाहेर जाऊ देऊ नकोस. राहायला जाताना मी पहिल्या फेरीत काय नेलं असेल? पिंपं. निळी, झाकणाची, तिन्ही. जन्म जालन्यात गेला, नळ आठ-दहा दिवसांनी आला की ताट-वाटी सोडून धावायचं, हीच सवय. वॉचमन कडूबा लिफ्टपाशी हात कमरेवर ठेवून बघत राहिला. "मॅडम, वर टाकीचं पाणी चोवीस तास हाय. मंग पिंपं कशाला नेऊन राह्यल्या?" मी त्याला म्हटलं, "तुला काय करायचंय? धर एक बाजू." नेली, आणि भरलीसुद्धा. पुढच्याच आठवड्यात टँकर आला नाही आणि सगळा मजला बादल्या घेऊन माझ्या दारात. दक्षिणेच्या दारात! मी एकालाही दिशा विचारली नाही.

माझा भाऊ प्रितम अजून नाराज आहे. "ताई, निवृत्तीला आलीस, या वयात कोणी असं वर चढून बसतं का? अंबड रोडचं घर काय वाईट होतं?" त्याला मी सांगितलं की रहदारीचा कंटाळा आला, पेट्रोल परवडत नाही. स्कूटर विकली तेव्हा स्टाफलाही हेच सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं काय ते खाली लिहिते.

आधी तुझ्या राजीनाम्याचं. गेल्या गुरुवारी अतिक दुकानाचा माल न्यायला आला होता, त्याला मी शाळेत बोलावून घेतलं. म्हटलं, तुझी अम्मी थकली आहे, घरी बसवायचा विचार आहे का तुमचा? तो हसायलाच लागला. "खाला, अम्मी घर में बैठी ना, तो आठ दिन में हमारीच शाळा लेगी. बायको आत्तापासून पाढे पाठ करतेय." मग गंभीर झाला. म्हणाला, ती स्वतःच म्हणते जमत नाही. पण शाळा सुटली तर तिचं काय होईल, याची आम्हाला धास्ती आहे. म्हणजे घरातून तुला कोणी ओढत नाही. बसच तेवढी तुला ढकलते आहे. आणि दहावीच्या मुली अर्ध्या वर्षात कोणाच्या हाती द्यायच्या, ते तूच सांग.

माझ्या घरातली दुसरी खोली पश्चिमेची आहे. सुताराला तिथे भिंतभर कपाट करायचं होतं. मी त्याला ती भिंत मोकळी ठेवायला सांगितली. "रिकामी कशाला?" म्हणाला. मी म्हटलं, नमाजाला समोर कपाट नको. सोसायटीच्या सेक्रेटरींनी राहणाऱ्यांची नावं विचारली, तेव्हा माझ्या नावाखाली तुझं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, "तुमच्या प्रीतीला दहावीला गणित कोणी शिकवलं?" पेन उचलून त्यांनी लिहून घेतलं. सोमवार ते शनिवार तू इथे, रविवारी मंठ्याला नातवंडांत. लोक म्हणतील, मुलगा असून मैत्रिणीकडे राहते. म्हणू देत. वसतिगृहात एका खोलीत राहिलो तेव्हाही म्हणतच होते.

हे सगळं मी तुझ्यासाठी करते आहे असं समजशील आणि भिडेपोटी नको म्हणशील. म्हणून आता खरं लिहिते. पावसाळ्यात मामा चौकात मी स्कूटरसकट एका पेरूच्या हातगाडीला धडकले. पेरू रस्ताभर. गाडीवाला ओरडला, "बाई, दिसत न्हाई का?" मी त्यालाच झापलं, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की ती गाडी मला खरोखरच दिसली नव्हती. संभाजीनगरला दाखवलं. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांना. कडेचं बरंचसं गेलं आहे, ते परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी टिकेल, किती ते डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून शाळेजवळ घर, म्हणून स्कूटर गेली. प्रितमला सांगितलं तर तो मला उचलून घेऊन जाईल. चालत जायचा रस्ता मला सरळ दिसतो, मदीहा, पण बाजूने काय येतं ते दिसत नाही. माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी चालायला हवं आहे. ते कोणाकडे मागायचं म्हटलं, तर मला दुसरं नाव सुचलं नाही. पत्र त्यासाठी आहे. राजीनामा आज आला नसता, तर बहुतेक मी ते लिहिलंच नसतं.

अर्ज मी पुढे पाठवलेला नाही, फाडलेलाही नाही. तो तुझा आहे. तू सोमवारी सांगशील तसं करीन आणि त्यावर एक शब्दही बोलणार नाही.

तुझीच,
गिरिजा

या पत्रासोबत अतिकच्या हाती दिलं: बाहेरच्या दाराची किल्ली, लिफ्टचं कार्ड आणि पश्चिमेच्या खोलीच्या दोन्ही किल्ल्या. त्या खोलीची किल्ली मी माझ्याकडे ठेवलेली नाही.